दादाच्या कोळंब्या

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. बाकी सगळ्या जगाशी बोलत होते. बाबा हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले असायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून मला विचारायची, "वैशू, विचार त्यांना, डब्यात भाकरी देऊ की पोळी?" मी म्हणायचे, "बाबा, आई विचारतेय, भाकरी की पोळी?" बाबा पेपर खाली न घेता म्हणायचे, "सांग तिला, काय पण चालेल." मग मी पुन्हा आईकडे तोंड फिरवायचे. आईने सगळं ऐकलेलं असायचं, तरी मी सांगेपर्यंत ती पिठाच्या डब्याला हात लावत नसे. मी घरी नसताना यांचं कसं चालत असेल, हे मला एक दिवस जिन्यात चपला काढताना कळलं. आतून आईचा आवाज येत होता आणि ती भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होती, "सिलेंडर संपलाय, नंबर लावायला हवा." बाबांनी घड्याळालाच उत्तर दिलं, "लावतो." मला हसू आलं आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं. माझं तेव्हा सगळंच असं होतं.

बारावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, करायला काही म्हणजे काही नव्हतं. मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली सोसायटी, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मे महिन्यात वाऱ्याचं नाव नाही आणि वरच्या घरात टाइल्स फोडायचं काम चाललेलं. पंखा एका फेरीत एकदा टक् करायचा. मी ती टक् मोजायला लागायचे, मग स्वतःवरच चिडून उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे, फ्रिज उघडायचे, आत काही नाही हे माहीत असून बघायचे. आई म्हणायची, "बस गं एका जागी, डोकं फिरवलंस माझं." बसले की समोर दादाची माशांची टाकी दिसायची आणि हवेच्या पंपाची घरघर पुन्हा कानात सुरू व्हायची. ती घरघर रात्रंदिवस असायची आणि घरात एवढ्या सातत्याने बोलणारं दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ महेश. साकीनाक्याला बाबांचा मोटर वाइंडिंगचा गाळा होता. जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, हे काम. दादाने तो गाळा चालवावा हे बाबांनी तो शाळेत असल्यापासून ठरवून टाकलं होतं आणि दादाला ते कधी विचारलं नव्हतं. शिक्षण संपल्यावर तो थोडे महिने गेला तिथे, तोंड पाडून. त्याचा जीव त्या टाकीत. टाकी आणली तेव्हा आधी त्याने कितीतरी दिवस नुसता अभ्यास केला, कोणाबरोबर कोण राहू शकतं याचा. त्याला लाल कोळंबी ठेवायची होती, नखाएवढी, काचेसारखी अंगातून उजेड जाणारी. मग तिच्या हिशोबाने बाकीचे. एंजल मासा देखणा, पण कोळंबी गिळतो, म्हणून नाही. बार्ब दुसऱ्याचे पंख कुरतडतात, म्हणून तेही नाहीत. शेवटी निऑन टेट्रा आणि थोडे गप्पी आले. गप्पीसुद्धा कोळंबीचं पिल्लू दिसलं तर सोडत नाहीत, म्हणून तळाशी हिरव्या शेवाळाचं दाट रान केलं, पिल्लांना लपायला. आई हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकायची. एकदा म्हणाली, "माशांचं बरं बघतोस, कोणाचं कोणाशी जमेल ते. घरातल्यांचं कोणी बघायचं?" दादा हसला. बाबा हसले नाहीत.

आमचं घर मालवणकडचं. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. त्यात हॉलमध्ये कोळंबी पाळलेली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आयता विषय. दिंडोशीहून आत्या आली की काचेला नाक लावून विचारायची, "महेशा, आमटीला पुरतील एवढ्या कधी होतील रे?" पण आईने मात्र हळूहळू कोळंबी आणणं बंद केलं. बांगडा आणायची, मांदेली आणायची, सुके बोंबीलसुद्धा भाजायची, कोळंबी नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, महाग झालीय. खरं कारण मला माहीत होतं. एकदा ती हॉलमध्ये कोळंबी सोलायला बसली होती, सहज टाकीकडे लक्ष गेलं, आणि ताट उचलून आत निघून गेली.

भांडण झालं ते दादाला बंगळूरची नोकरी लागली त्या दिवशी. बाबा रागावले की मुंबईची मराठी सोडून थेट मालवणीत शिरत. त्या दिवशी पहिल्या वाक्यापासूनच मालवणी होती. "माका विचारलंस? गाळो कोण बघतलो?" दादाही त्यांचाच मुलगा, तोही हटला नाही. शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी बाबा टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "जाताना ह्या पण घेऊन जा. नायतर खाडीत नेऊन ओततंय." दादा एकदम शांत झाला. तो शांत झाला की जास्त लागेल असं बोलायचा. म्हणाला, "ओता. जिवंत गोष्ट सांभाळायला तुम्हाला कधी जमलंय? तुमचा हात लागला की मरतं सगळं."

चार दिवसांनी तो गेला. टाकी माझ्यावर सोपवून गेला, मे अखेरीस सुट्टीवर येतो म्हणाला. बाबा त्याला सोडायला खालीसुद्धा उतरले नाहीत. आईने रिक्षा वळेपर्यंत हात हलवला, वर आली, बाबांकडे एकदा बघितलं आणि त्या क्षणापासून त्यांच्याशी बोलायची थांबली.

आता मला वाटतं, बाबांना ते एक वाक्य फार लागलं होतं. तेव्हा वाटलं नाही, कारण तेव्हा मला बाबा दगडाचेच वाटायचे. पण एका सकाळी मी डोळे चोळत बाहेर आले तर बाबा टाकीसमोर उकिडवे बसलेले. मला बघून झटकन उठले आणि पेपर शोधायला लागले. पेपर बगलेतच होता. नंतर हे रोजचं झालं. साकीनाक्याहून येताना वाटेत घाटकोपरला उतरून माशांच्या दुकानात जायचे, तिथल्या लोकांना विचारून यायचे आणि घरी मला सांगायचे, जणू त्यांना जन्मापासून माहीत होतं. कोळंबी कात टाकते हे त्यांनीच मला सांगितलं. मी ती पोकळ कात पाहून "मेली, मेली" म्हणून किंचाळले होते. "मरूक नाय गो," बाबा म्हणाले, "झगो बदलल्यान तिना." आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, की कोळंबीला तांबं चालत नाही. मासा एक वेळ सोसेल, पण कोळंबीला ते विष. दिवसभर तांब्याच्या तारेत हात असलेला माणूस, म्हणून टाकीतलं पान काढायचं झालं तरी आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावायचे, मग साबण जाईपर्यंत नुसत्या पाण्याने धूत राहायचे, मग नखं. आई आतून म्हणायची, "वैशू, सांग त्यांना, टाकी भरायला पाणी उरू दे." त्यांनी हात का धुतले ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगत होते मला, आणि तेही गॅलरीत, आई आत असताना. आपण टाकीचं करतोय हे तिला दिसू द्यायचं नव्हतं त्यांना. तिला ते दिसत होतंच. पण एवढे धुवावे लागतात म्हणजे हातच घाण, असा भलताच अर्थ तिने लावला होता.

मग कोळंब्या मरायला लागल्या.

जिवंत असताना ती लाल पण पारदर्शक असते. मेली की शिजल्यासारखी गुलाबी आणि अपारदर्शक होते. पहिली मेली तेव्हा म्हटलं म्हातारी असेल. मग रोज सकाळी शेवाळावर एखादी आडवी पडलेली. निऑन आणि गप्पी ठणठणीत, आपले मजेत फिरतायत. आईला त्या गुलाबी रंगाची ओळख आमच्यापेक्षा जास्त. ती एकदाच वाकून बघायची आणि आत जायची. तिथून आवाज यायचा, "वैशू, सांग त्यांना, त्या टाकीत हात घालू नका म्हणावं. कारखान्याचे हात." इकडून बाबा, "विचार तिला, मच्छरचा फवारा मारता काय दुपारी." तिकडून, "मी नाही मारत." मी मधे. बाबांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. मी विचारलं तर मला म्हणाले, "तो येतलो आणि काय म्हणतलो? म्हणतलो, बापाशीनच मारल्यान." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. माझे बाबा घाबरलेत, हे मला पहिल्यांदाच दिसलं, आणि ते बघून माझं स्वतःचं निकालाचं दुखणं काही दिवस मी विसरूनच गेले. दर रविवारी दुपारी दादाचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "कोळंब्या काय म्हणतात?" मी म्हणायचे, "झकास." मग आई बोलायची. बाबा त्या वेळी बरोबर मोरीत असायचे.

एका शनिवारी मी मैत्रिणीकडे जायला निघाले आणि तिच्या घराला कुलूप बघून अर्ध्या तासाच्या आत परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई टाकीजवळ स्टुलावर चढली होती. कमरेवर तांब्याची कळशी, एक हात पाण्यावर उलटा धरलेला, आणि त्या हातावरून ती कळशीतलं पाणी धारेने आत सोडत होती, जोरात पडून कोणी घाबरू नये म्हणून. ती कळशी आमच्याकडे पिण्याच्या पाण्याची. आदल्या दिवशी भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी प्यायची. दादा लहानपणी काविळीने आजारी होता तेव्हा आईने त्याला महिनाभर तेच पाणी पाजलं होतं आणि तो त्या पाण्यानेच उठला असा तिचा ठाम विश्वास. रोज आमसुलाने घासून ती कळशी अशी लखलखीत ठेवायची की आत बघितलं तर तोंड दिसावं.

"बघते काय अशी?" ती म्हणाली. "नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतो. तेच घालता तुम्ही त्यांना, मरतील नाहीतर काय होईल? मी आपली रोज थोडं थोडं हे घालते. आधी तांब्याभर घालत होते, आता मरायला लागल्या म्हणून कळशीभर घालते." मग खाली उतरून पदराला हात पुसत, अगदी हळू आवाजात, "त्यांना सांगू नको हं. म्हणतील, तुला काय कळतं. आणि बघ, आज एकही मेली नाही. बरं वाटायला लागलंय त्यांना." खरं म्हणजे सकाळी मेलेल्या तिघी बाबांनी ती उठायच्या आधी उचलल्या होत्या.

मी चप्पल घातली आणि पुन्हा खाली उतरले. सोसायटीच्या आवारात उन्हात फेऱ्या मारत राहिले. वॉचमन विचारायला लागला, काही हरवलंय का. मी वर्षभर... छे, तीनच महिने, पण मला वर्षभर वाटतं, एकाचं दुसऱ्याला सांगत होते. भाकरीचं, सिलेंडरचं, इस्त्रीचं. आणि हे सांगायचं तर कोणाला? बाबांना सांगितलं तर त्यांची सुटका, पण मग आईचं काय? घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तिने मुलाच्या कोळंब्यांना दिलं आणि त्याच पाण्याने त्या मेल्या, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मला दोघांचाही राग आला. इतका राग, की खालच्या नळाखाली डोकं धरलं तरी तो उतरेना.

संध्याकाळी बाबा आले, हात धुतले, टाकीसमोर बसले. आणि त्यांच्या लक्षात आलं. काचेला नाक लावून म्हणाले, "वैशू, ह्या गरमीत पाणी कमी कसा होत नाय? बोटभर तरी उतराक व्हया. मधे कोण घालता पाणी? तू घालतंस?"

आत पोळपाटाचा आवाज थांबला.

"हो, मी," मी म्हटलं.

"खयचा?"

मला खोटं बोलता येतं, पण एका दमात दोन नाही. "कळशीतलं," मी म्हणाले.

बाबा वळले. मला वाटलं आता ओरडणार. ते ओरडले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला गॅलरीत इतक्या वेळा सांगितलेलं, ते सगळं त्या बघण्यात होतं. तेवढ्यात आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. माझ्याकडे न बघता, घड्याळाकडे न बघता, सरळ बाबांकडे बघून म्हणाली, "ती नाही. मी घालते. काय झालं?"

तिचा आवाज बाबांनी तीन महिन्यांनी स्वतःसाठी ऐकला होता. ते थोडे गोंधळलेच. मग म्हणाले, "तांबा चलत नाय गो तेंका. विष होता."

आई तशीच उभी राहिली. आधी कळलंच नाही तिला. मग तिने टाकीकडे बघितलं, आत ओट्यावरच्या कळशीकडे बघितलं, आणि खाली बसली, जमिनीवरच. "मग मला सांगायचं होतं ना," ती म्हणाली.

"सांगतलंय कसा? तू बोलतंस माझ्याशी?"

पंप घरघरत होता. मग बाबा उठले, त्यांनी बादली आणली, मी नळी लावली, आणि आम्ही टाकीतलं पाणी थोडं थोडं बदलत राहिलो. आई तिथेच बसून होती. मधेच म्हणाली, "महेशला सांगू नका. मी सांगेन." आणि थोड्या वेळाने, "नाही, मला नाही जमणार." तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पीठ लागलेले हात तिने मांडीवर उलटे ठेवले होते आणि डोळे पुसायला ते वापरता येत नव्हते, म्हणून ती तशीच रडत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेवाळात हुडकून हुडकून पाहिलं तर दोन-चार जिवंत होत्या, सुस्त पडलेल्या. दुपारी जेवायच्या आधी फोन वाजला. आईने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, मला नको म्हणून. मी हात पुढे केला, तर माझ्या आधी बाबांनी फोन उचलला. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. दादाला सवय फोनवर ओरडून बोलायची, त्यामुळे त्याचा "वैशे, कोळंब्या काय म्हणतात?" आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"मी बोलतंय," बाबा म्हणाले.



"कोळंब्या मेल्या रे. दोन-चार रवल्यात." बाबांनी आईकडे पाठ केली. "माझ्या हातून झाला. हाताक तांबा असता माझ्या, तुका ठाऊक हा. धुतला तरी रवता."

आई दोन पावलं पुढे आली. बाबांनी मागे न बघताच हात वर केला, थांब म्हणून. जे दादाने म्हणू नये म्हणून हा माणूस महिनाभर सुकत चालला होता, ते त्यांनी आपल्याच तोंडाने सांगून टाकलं होतं.

मग दादाचा आवाज आला, आणि या वेळी तो ओरडत नव्हता, पण खोलीत इतकी शांतता होती की तरी ऐकू आलं. "बाबा, तुम्ही टाकीत हात घालत होतात?"

"मग कोण घालतलो?" बाबा म्हणाले.

मे अखेरीस दादा आला, थोड्या नवीन कोळंब्या घेऊन बाबांबरोबर घाटकोपरहून परतला. गाळ्याचं कोणी नाव काढलं नाही. नंतर तो परत गेला, लग्न झालं, गाळा बाबांनी यथावकाश बंद केला. बाबा जाऊनही आता काही वर्षं झाली. घरात चार माणसं जमली की दादा अजून ती गोष्ट सांगतो, फार प्रेमाने, बाबांच्या आवाजाची नक्कल करून. बाबांनी माझ्या कोळंब्या सांभाळता सांभाळता मारल्या, म्हणतो, आणि सगळे हसतात. आई त्या वेळी उठते आणि चहा टाकायला आत जाते. तिला चहाची आठवण दर वेळी नेमकी तिथेच होते, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला विचारलं, लिहू का. ती मोरीत कळशी घासत होती, अजून आमसुलानेच. हात न थांबवता म्हणाली, "लिही." मग म्हणाली, "आणि त्याला सांग." मी म्हटलं, "तूच सांग की फोन करून, तुझाच मुलगा आहे." त्यावर म्हणाली, "तू सांग. तुला सवय आहे."

दादा, आई सांगतेय, पाणी ती घालत होती. बाबांचे हात स्वच्छ होते.